तबकडीभोवतीचे रिंगण

'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' : खानदेशातून पाहिलेली वाटचाल

१९९० साली मुंबईतले काही रेकॉर्ड संग्राहक एकत्र आले आणि त्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन केली. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवाव्यात, जपाव्यात, त्यांचा अभ्यास व्हावा आणि चार जाणत्या माणसांसमोर त्या वाजाव्यात, एवढा साधा हेतू त्यामागे होता.

खानदेशातल्या रेकॉर्डप्रेमींच्या या स्मरणिकेत मुंबईच्या त्या संस्थेचा इतिहास यावा, असा आग्रह आमच्यापैकी बहुतेकांनी धरला. जळगाव आणि धुळे इथली आम्ही मूठभर माणसे अधूनमधून कुणाच्या तरी घरी तबकड्या घेऊन बसतो. त्या बसण्याला नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. पण बसायचे कसे, ऐकायचे कसे आणि ऐकून झाल्यावर लिहून काय ठेवायचे, हे आम्ही या संस्थेकडे पाहून शिकलो. आमच्या बैठकीची वंशावळ सांगायची तर ती तिथूनच सुरू करावी लागते.

जपणुकीचा वारसा

जुने जपून ठेवण्याची गोष्ट खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यावरची, फडताळातली, वाळवीच्या तोंडातून वाचलेली दप्तरे मिळवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून काढली. त्यांचा देह धुळ्यातच पडला, १९२६ च्या डिसेंबरअखेर. लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतली बाडे गोळा केली आणि समर्थ वाग्देवता मंदिरात ती सुरक्षित ठेवली. कागद गेला की माणूस गेला, हे धुळ्याने फार पूर्वी ओळखले होते.

जळगावाने आवाजाची आठवण जपली. छोट्या नारायण राजहंसाने, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांनी, गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. आज शहरातले खुले नाट्यगृह बालगंधर्वांच्या नावाने आहे आणि दर जानेवारीत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान त्यांच्याच नावाने संगीत महोत्सव भरवते. तापीकाठच्या थाळनेरशी तर आपले आणखी जवळचे नाते. मास्टर दीनानाथ मंगेशकर थाळनेरच्या लाड कुटुंबाचे जावई. लतादीदींचे आजोळ शिरपूर तालुक्यातले, हे सांगताना धुळेकरांचा आवाज आजही थोडा चढतो, आणि तो चढावाच.

कागद जपणारे धुळे आणि स्वर आठवणारे जळगाव यांच्या मधोमध आम्ही रेकॉर्डवाले बसतो. आम्ही जपतो ती वस्तू कागदासारखी ठिसूळ आहे आणि तिच्यात स्वर आहे.

आवाज पकडला गेला तेव्हा

संस्थेचे महत्त्व कळायचे तर रेकॉर्डचा इतिहास थोडक्यात तरी सांगितला पाहिजे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात उतरला आणि त्या नोव्हेंबरात त्याने भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली. गौहर जान त्याच वेळी कर्ण्यासमोर गायली. मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालावे, त्या आवाजाच्या दाबाने सुई हलावी आणि मेणाच्या चकतीवर रेघ उमटावी, अशी ती रीत. मेणाची ती चकती बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तबकडी छापून परत येई. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि रेकॉर्ड इथेच छापल्या जाऊ लागल्या. जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारतो. परक्या देशातल्या कारागिराला ही कुणाची तबकडी हे कळावे, अशी त्यामागची सोय सांगतात. आज तीच हाक आपल्याला थेट त्या खोलीत घेऊन जाते.

तबकडीला बांधून ठेवते ती लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर किडे धरतात ती लाख, तिच्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू. आपल्या कपाशीच्या मुलखातल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. दोन-दोन तास रंगणारी मैफल तीन मिनिटांत बसवताना गायकांना काय निवडावे आणि काय टाकावे याचा कस लागला. तो कस ऐकता येणे हीच रेकॉर्ड ऐकण्यातली खरी गोडी.

जे पकडले गेले नाही त्याची हळहळ वेगळीच. भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले. किर्लोस्कर मंडळींच्या रंगभूमीवर ज्या गळ्याने महाराष्ट्र वेडा केला, तो गळा गाइसबर्ग येण्याच्या पावणेदोन वर्षे आधी थांबला. भाऊरावांची एकही तबकडी नाही आणि असणारही नाही. आपल्या वाट्याला आली ती त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवलेली वर्णने.

सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, नेमके असेच घडले. बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक तिथल्या जाझचा आद्य पुरुष मानला जातो. १९०७ साली मनोरुग्णालयात गेला तो १९३१ मध्ये तिथेच वारला. त्याची एकही रेकॉर्ड आज उपलब्ध नाही. जाझची पहिली रेकॉर्ड निघाली ती १९१७ साली. एका संगीताचा पाया घालणारा माणूस आपल्या कानांना कायमचा मुका, हे दुःख जाझवाल्यांना आणि नाट्यसंगीतवाल्यांना सारखेच. म्हणूनच दोघेही जे उरले आहे त्याला जिवापाड जपतात.

स्थापना आणि माणसे

सोसायटीच्या कामात ज्यांची नावे ठळकपणे येतात त्यांत अध्यक्ष राहिलेले नारायण मुलानी आणि मानद सचिव राहिलेले सुरेश चांदवणकर ही पहिली. चांदवणकर व्यवसायाने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतली काटेकोर नोंदीची सवय त्यांनी रेकॉर्डच्या छंदात आणली, असे त्यांचे लिखाण वाचताना सतत जाणवते. कोणती तबकडी, कोणत्या कंपनीची, लेबलवर काय छापले आहे, मधल्या मोकळ्या वर्तुळात कोणता क्रमांक कोरला आहे, हे आधी. मग गाण्याबद्दल बोलायचे.

ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर हे संस्थेचे आश्रयदाते सदस्य. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या ध्वनिमुद्रिकांची सूची त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांवरचे त्यांचे पुस्तक १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. एका परक्या माणसाने आपल्या गायकांची नावे, तारखा, क्रमांक यांचा एवढा मोठा हिशेब मांडावा, ही आपल्याला ओशाळे करणारी आणि तितकीच कामाला लावणारी गोष्ट आहे. मानद सदस्यांत मद्रासचे व्ही. ए. के. रंगाराव आणि 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध करणारे कानपूरचे हरमंदिरसिंग 'हमराज' ही नावे दिसतात.

आम्हाला विशेष भावली ती संस्थेची पसरण. मुंबई-पुण्याच्या जोडीला सोलापूर, नांदेड, तुळजापूर, अमरावती, बडोदा अशा ठिकाणी तिच्या शाखा निघाल्या. रेकॉर्डचा छंद फोर्टातल्या किंवा लक्ष्मी रोडवरच्या माणसाचा, असा समज होता. तुळजापुरात होते तर जळगावात, धुळ्यात का नाही, हा प्रश्न आम्हाला त्या यादीनेच विचारला.

ऐकवणे, नोंदणे, वाटणे

सोसायटीचे काम तीन शब्दांत सांगता येते.

पहिले, ऐकवणे. श्रवणसभा हा संस्थेचा मुख्य उपक्रम. एखादा सदस्य एक विषय घेतो, त्याला धरून तबकड्या निवडतो, प्रत्येकीची माहिती देतो आणि वाजवतो. एकाने बालगंधर्व आणले की दुसऱ्याला त्याच पदाची हिराबाई बडोदेकरांची तबकडी आठवते, तिसरा केशवराव भोसल्यांचे नाव काढतो. श्रवणसभेचे खरे यश अशा वेळी उठणाऱ्या चर्चेत असते. एकट्याने शंभर वेळा ऐकलेल्या तबकडीत आपल्याला न दिसलेली जागा शेजारचा माणूस बोट ठेवून दाखवतो.

दुसरे, नोंदणे. १९९१ च्या जानेवारीपासून संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक सुरू केले. गायक-वादकांवरचे लेख, रेकॉर्ड कंपन्यांचे इतिहास, सूच्या, संग्राहकांची ओळख, गेलेल्यांना श्रद्धांजली असा मजकूर त्यात येत राहिला. 'कुत्रा छाप' सगळ्यांना माहीत असते. पण ओडिऑन, ब्रॉडकास्ट, यंग इंडिया अशी लेबले लावून देशभर तबकड्या फिरत होत्या, त्यांतली यंग इंडिया तर स्वदेशीच्या भावनेतून मुंबईत निघालेली कंपनी, हे आमच्यापैकी अनेकांना अशा वाचनातूनच कळले. पुढे अंक वार्षिक झाला, पण नोंदीची शिस्त सुटली नाही.

तिसरे, वाटणे. संग्राहक म्हटला की कपाटाला कुलूप, ही जुनी प्रतिमा. आपल्याकडे एखादी दुर्मिळ तबकडी आहे हे कुणाला सांगायचे नाही, सांगितले तर ऐकवायचे नाही, ऐकवले तर हात लावू द्यायचा नाही. संस्थेने हा स्वभाव हळूहळू बदलला. ज्याच्याकडे तबकडीची पहिली बाजू झिजलेली आहे त्याला ज्याच्याकडे ती धड आहे तो माणूस भेटवायचा, ही मोठी समाजसेवा आहे. छंदाला समाजसेवा म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

जाझवाल्यांचे ऋण

रेकॉर्डभोवती माणसांनी जमावे, तिच्यावर वाद घालावेत आणि वादातून शास्त्र जन्मावे, ही रीत जगाला मुख्यतः जाझच्या रसिकांनी घालून दिली. पॅरिसमध्ये १९३२ साली 'हॉट क्लब द फ्रान्स' स्थापन झाला. समुद्रापलीकडून आलेल्या तबकड्या तिथल्या तरुणांनी एकत्र बसून ऐकायच्या, पुन्हा लावायच्या आणि त्यांवर रात्र जागवायची. त्या तबकड्यांवर फक्त मुख्य वादकाचे किंवा बँडचे नाव छापलेले असे. क्लॅरिनेट कुणाचा, पियानो कुणाचा, हे लेबल सांगत नसे, ते कानाने ठरवावे लागे. त्या मंडळींपैकी शार्ल दलोने याने १९३६ साली 'हॉट डिस्कोग्राफी' हा ग्रंथ काढला. कोणत्या दिवशी, कोणत्या शहरात, कोण कोण वाजवत होते, याची तबकडीनिहाय यादी. ध्वनिमुद्रिकांची पद्धतशीर सूची करण्याचे शास्त्र तिथून रुजले. किनिअर किंवा 'हमराज' यांनी आपल्या संगीतासाठी केलेले काम त्याच कुळातले आहे.

आपल्याकडे या सवयीची गरज अधिक होती. नाट्यपदाच्या तबकडीवर गायकाचे आणि नाटकाचे नाव असते. ऑर्गन कुणी वाजवला, तबल्यावर कोण, सारंगी कुणाची? बहुतेक वेळा लेबल गप्प असते. जाझच्या रसिकांनी साथीदारांची नावे शोधण्यात आयुष्ये घातली. आपण साथीदाराला 'साथ' म्हणून बाजूला बसवले, आणि त्याचे नाव आपल्या हातून निसटले.

मुंबईचा ट्रम्पेट, खानदेशचे कान

जाझ हे नाव खानदेशात परके वाटते, पण तो आवाज परका नाही. १९३५ साली लिऑन ॲबी याचा आफ्रिकी-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक आले. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकून आलेल्या तरुणांनी त्यांचे वाजवणे जवळून ऐकले, उचलले आणि आपले केले. आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा अशा मंडळींनी दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी सजवली आणि रात्री हॉटेलांत जाझ वाजवला.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांनी ते वारे सिनेमात आणले. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये, जत्रेच्या भोंग्यावर, लग्नाच्या बँडमध्ये तीच गाणी वाजली. म्हणजे त्या सिनेमातल्या भगवानदादांच्या नाचावर शिट्ट्या मारणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी नाव न कळता जाझ ऐकला होता. भुसावळसारख्या रेल्वेच्या मोठ्या जंक्शनला तर रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन आणि गोवेकर घरांत फोनो असत आणि त्यांवर नाचाच्या तबकड्या फिरत. त्या घरांतली माणसे पुढे परदेशी किंवा मुंबईला गेली. तबकड्या जुन्या बाजारात आल्या.

पुढे १९५८ साली डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफरखाँ यांच्यासोबत बसला. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि 'जाझ इंडिया'च्या मंडळींनी धोबीतलावच्या रंगभवनात पहिली 'जाझ यात्रा' भरवली. तिला 'यात्रा' म्हणणे मला फार आवडते. महोत्सवाला माणूस तिकीट काढून जातो, यात्रेला सोबत घेऊन जातो.

भरिताची रात्र

इतिहासात एखादा प्रसंग जवळून सांगावा लागतो, नाहीतर तो नुसती यादी होतो. म्हणून आमच्या एका बैठकीची हकीकत.

थंडीचे दिवस होते. जळगावजवळच्या एका शेतात भरिताचा बेत होता. बामणोदची हिरवी, मोठाली वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजत होती. शेतात वीज नव्हती, पण चावीच्या फोनोला वीज लागत नाही. खाटेवर सतरंजी टाकून फोनो ठेवला. धुळ्याहून आमचे नाना आले होते. एक तबकडी दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर धोतराचे जुने पान गुंडाळून, कापडी पिशवीत घालून, नव्वदेक किलोमीटर एसटीत मांडीवर धरून त्यांनी आणली होती. मास्टर दीनानाथांची, 'रणदुंदुभी' नाटकातल्या पदाची. माझ्याकडे भुसावळच्या रद्दीवाल्याकडून कधीकाळी मिळालेली पार्लोफोनची एक तबकडी होती : लुई आर्मस्ट्राँग, 'वेस्ट एंड ब्लूज', शिकागोत २८ जून १९२८ रोजी मुद्रित झालेली.

आधी माझी लावली. नवी सुई घातली. दर बाजूला सुई बदलायची, हा आमचा नेम. जुनी सुई तबकडीचे चर खाते. पहिल्या काही सेकंदांत ना ठेका, ना साथ, एकटा ट्रम्पेट. वर झेपावतो, तिथून वळणे घेत खाली उतरतो आणि मग संथ लय सुरू होते. नाना पुढे सरकले. "परत लावा, भाऊ," म्हणाले. परत लावली. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हा तर आपल्या थाळनेरच्या जावयाचा भाऊबंद."

मग दीनानाथ लावले. त्या तबकडीला केसभर तडा आहे. दर फेऱ्याला एक टिचकी, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. दोन-चार फेऱ्यांनंतर कान ती टिचकी बाजूला सारतो. त्या टिचक्यांमधून दीनानाथांची तान विजेसारखी आली, पदाचा उंबरा ओलांडायच्या आतच. नाना म्हणत होते ते सगळ्यांना पटले. दोघेही दारातून हळूच येत नाहीत, दार उघडूनच आत येतात.

पेटी वाजवणारे आमचे एक स्नेही मात्र लगेच थांबवू लागले. त्यांचे म्हणणे, दीनानाथांची तान शब्दाला धरून फिरते आणि पुन्हा शब्दावर येते. आर्मस्ट्राँगला परतायला शब्द नाही, लय आहे. शिवाय त्या तबकडीत मधे तो गातो ते निरर्थक अक्षरांत, क्लॅरिनेटला उत्तर देत. तो सवाल-जवाब झाला. आणि शेवटच्या आवर्तनाला एकच वरचा सूर धरून ठेवतो तो बारा-एक सेकंदांचा दमसास त्यांनी घड्याळ लावून मोजला. पियानोवर अर्ल हाइन्स आहे हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी पियानोसाठी तबकडी तिसऱ्यांदा लावायला लावली. साथीदाराचे नाव कळले की कान कसा तिकडे वळतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

वांगी ठेचत बसलेल्या वहिनी एवढा वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "आमची आजी घरोटावर बसायची. ओवीचे शब्द संपायचे, दाणे संपायचे नाहीत. मग ती नुसती चाल गात राहायची. तसंच वाटलं." मिसिसिपीकाठी जन्मलेल्या माणसाचे शब्दावेगळे गाणे तापीकाठच्या घरोटाशी येऊन बसले. एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही.

जेवणे झाल्यावर वहीत नोंद केली. दिनांक, दोन्ही तबकड्यांची लेबले, क्रमांक, तड्याची जागा, आणि खाली तिघांची मते जशीच्या तशी. सोसायटीकडून घेतलेली शिस्त ती हीच.

अडचणी

या कामातल्या अडचणी सगळ्या संग्राहकांच्या सारख्याच. लाखेची तबकडी पडली की संपली. ओलाव्याने तिच्यावर बुरशी धरते. एकावर एक आडव्या रचल्या की वाकतात. त्या उभ्याच ठेवाव्या लागतात. आपल्याकडचा उन्हाळा तर पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवलेल्या तबकड्या मे महिन्यात ताटासारख्या खोलगट होतात. माझ्या स्वतःच्या अशा सहा गेल्या. चूक माझीच होती. माळ्यावर मीच ठेवल्या होत्या.

याहून मोठी अडचण माणसांची. संग्राहक जातो आणि घरात कुणाला ते ओझे वाटते. आयुष्यभराची जमवाजमव किलोच्या भावाने जाते. त्यातली तबकडी तरी कुठेतरी उरते. त्या माणसाला तिच्याबद्दल जे ठाऊक होते ते मात्र कायमचे जाते. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज गेला तो यंत्र नव्हते म्हणून. आज यंत्र आहे, तरी ज्ञान जाते ते आपण विचारले नाही म्हणून. या दुसऱ्या नुकसानाला आपल्याकडे सबब नाही.

पुढे

सोसायटीच्या वाटचालीतून आम्ही एकच गोष्ट घेतली आहे. रेकॉर्ड कपाटात राहिली तर ती फक्त शाबूत राहते. ती जपली जाते ती कुणासोबत ऐकल्यावर, कुणी काय म्हटले ते लिहून ठेवल्यावर, आणि दुसऱ्याच्या हातात विश्वासाने दिल्यावर. राजवाड्यांनी दप्तरे मिळवली तशी ती छापलीही. मिळवणे आणि देणे ही त्यांच्यासाठी एकच क्रिया होती.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती. पारोळा, अमळनेर, चोपडा, साक्री, शिंदखेडा, कुठल्याही गावात, कुणाच्याही माळ्यावर तबकड्या असतील तर विकण्याआधी आम्हाला एकदा ऐकू द्या. लेबल वाचून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही कुणी आणली, कोणत्या प्रसंगाला लावायचे. ते उत्तर वहीत लिहा. तबकडी नादुरुस्त असली तरी ते उत्तर नादुरुस्त नसते.

भरिताच्या त्या रात्री निघताना नानांनी पिशवी उघडली. दीनानाथ माझ्याकडे ठेवले, "तडा गेलेला आहे, सांभाळा," म्हणाले, आणि त्याच दोन पुठ्ठ्यांमध्ये, त्याच धोतराच्या पानात आर्मस्ट्राँगला गुंडाळून पहाटेच्या एसटीने धुळ्याला घेऊन गेले. दोन्ही तबकड्या अजून तिथेच आहेत, एकमेकांच्या घरी. परत मागायचे आमच्यापैकी कुणालाच सुचलेले नाही.